भरीव जहाज

हाजी जमील : धीरानं, सुंदरराव, धीरानं! ती डोलकाठी हाय, नांगराचं रुमणं न्हाई. मोडली तर दुसरी कुठून आनू?

सुंदरराव : पर हे काय, हाजी? मला वाटलं, पेटी उघडली की आतून जहाज निघंल. ह्या तर नुसत्या फळ्या, काड्या न् दोरे.

हाजी जमील : पेटीत जहाज नसतंयच. जहाजाचं सामान असतंय. साहेब लोकांचा शौक हाय हा. फुरसतीला बसत्यात आन् एकेक तुकडा चिकटवत्यात. मुंबईला एक गोरा साहेब वारला, त्याच्या घरचं सामान लिलावात निघालं. मी गेलतो कंदिलासाठी. कंदील दुसऱ्यानंच नेले. ह्या तीन पेट्या कुनी उचलंना, म्हनून मी उचलल्या. घरी आलो तर बेगम म्हनली, बीडात प्यायला पानी न्हाई आन् हे मियाँ जहाज घेऊन आले!

सुंदरराव : काय खोटं बोलली?

हाजी जमील : हौ, तिचंच खरं झालं. तवापासून पडून हायत. तुमी पैले इचारनारे. पर तुमाला कावून पायजे? नातवाला खेळायला?

सुंदरराव : नातू न्हाई मला.

हाजी जमील : माफ करा. मग कुनासाठी?

सुंदरराव : ते सांगतो. आधी मला हे सांगा, तीनातली कोनती घ्यावी? मी जोडनार हाय. ह्या हातानं.

हाजी जमील : तुमी? अहो, ह्या हातानं कधी सुईत दोरा तरी ओवलाय का?

सुंदरराव : न्हाई ओवला. आता ओवीन. थट्टा नका करू, हाजी. लई लांबून आलोय. चौसाळ्याहून गाडी जुपली ती तुमच्याच दारात सोडली.

हाजी जमील : थट्टा न्हाई, भाई. बसा. आन् बाहेर वट्ट्यावर कोन बसलंय? उनात कावून बसवलं? आत येऊ द्या.

सुंदरराव : सून हाय माझी. तुळजा. ये गं आत. त्या खांबाला टेकून बस. हाजीसाब घरचेच हायत, आमचे कंदील, घड्याळ सगळं त्यांच्याकडूनच.

हाजी जमील : ये बेटी. आरं, हाताला रगत लागलंय तिच्या.

सुंदरराव : गाडीतून उतरताना बांगडी वाढली. काच लागली जराशी. बांध गं पदराचं टोक.

तुळजा : थांबलंय, मामा.

सुंदरराव : बरं. हां, हाजी. सांगा. पैल्यांदा करनाऱ्याला कोनतं झेपंल?

हाजी जमील : हे बघा. ही पैली पेटी. ह्यात जहाजाचं धड एका लाकडातून कापलेलं हाय. भरीव. आतून पोकळ न्हाई. काचेच्या चुऱ्यानं जरा घासायचं, वर हे धुराडं बसवायचं, कठडा चिकटवायचा, झालं. नवशिक्याला हेच. दुसऱ्या पेटीत शिडाचं जहाज हाय. त्याला इतके दोरे, इतक्या गाठी, की साहेबानं सुदिक उघडून परत बांधून ठेवलं. त्याच्या वाटंला जाऊ नका.

सुंदरराव : आन् हे तिसरं? ह्याच्या बरगड्या दिसत्यात.

हाजी जमील : बरगड्याच त्या. आधी सांगाडा उभा करायचा, मग त्यावर पातळ पट्ट्या. पट्टी उन पान्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची. एक मोडली की सगळा राग राग. साहेबानं हे निम्मं केलं व्हतं, तेवढ्यात वारला. हे वरचं झाकन उचललं की आतलं समदं दिसतंय. माळे, कोठ्या, जनावरं ठेवायची जागा...

सुंदरराव : जनावरं?

हाजी जमील : हौ. घोडे, खेचरं. लढाईत जायची अशी जहाजं.

सुंदरराव : हे. हेच पायजे मला.

हाजी जमील : सुंदरराव, ऐका माझं. हे तुमच्यानं व्हनार न्हाई. दोन दिसात वैतागाल आन् चुलीत घालाल.

सुंदरराव : जाळायचंच हाय ते.

हाजी जमील : काय?

सुंदरराव : जोडायचं आन् जाळायचं. अमावसंच्या आत झालं पायजे. हाजी, माझा बद्रीनाथ म्हाईत हाय ना तुमाला? शिंगरू घ्यायला आलता माझ्यासंगं, तुमच्या दुकानात आरशात बघून मिशीला ताव देत व्हता, तो.

हाजी जमील : हौ, हौ. दात पुढं जरासा. लई हसायचा.

सुंदरराव : तोच. लढाईत गेला. नगरला भरती चालू व्हती, खेचरांच्या पलटनीत. आपल्या राज्यातून बी लई पोरं गेली. ह्याला जनावराचं येड. म्हनला, बाबा, बसऱ्याला जातो, साल-दोन सालात येतो. जहाजात बसला. त्या जहाजाखाली समिंदरात काय तरी फुटलं आन् गेलं सगळं बुडून. नगरहून सांगावा आला.

हाजी जमील : या अल्ला. कधी?

सुंदरराव : लढाई सरायच्या आधीच. पर मढं न्हाई, हाड न्हाई, अंगरख्याची चिंधी न्हाई. भटजी म्हनले, पळसाच्या पानांचा मानूस करा, त्याला अग्नी द्या, म्हंजे सुटंल. मी तयार झालो. ही तयार व्हईना.

हाजी जमील : सूनबाई?

सुंदरराव : ही. म्हनली, पानांचा मानूस जाळाल, पर खरा मानूस कुठं व्हता, कुठून बाहेर आला न्हाई, ते मला आधी दाखवा. तवर मी कुकू पुसनार न्हाई. आता हिला काय दाखवू? आमच्या गावात जहाज कुनी बघितलंय? मी बी न्हाई. भावकी अंगावर आली. केसरबाई, म्हंजे आमची मंडळी, ती सुदिक म्हनली की सुनेला चढवून ठेवलंय. मी म्हनलं, तिचा नवरा हाय, ती म्हनंल तवा. कुनी तिच्या हाताला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय.

हाजी जमील : शाब्बास. बापाचं काळीज हाय.

सुंदरराव : मग ह्या पंचमीला बाजारात कळलं, तुमच्यापाशी जहाज हाय. हिला म्हनलं, चल. दाखवतो. बघशील, मग तरी व्हशील ना राजी? मान हलवली हिनं. होय ना गं?

तुळजा : होय, मामा.

सुंदरराव : म्हनून हे पोकळच पायजे. पळसाच्या पानांचा मानूस मानसाएवढा करत्यात. मी भटजीला म्हनलं, वितीएवढा करू. डोक्याला नारळाच्या जागी सुपारी. तो जहाजात बसवू, त्याच्या जागेवर, आन् जहाजासकट अग्नी देऊ. भटजींनी लई आढेवेढे घेतले. शेवटी म्हनले, करा.

हाजी जमील : त्याच्या जागेवर म्हंजे कुठं?

सुंदरराव : तळाला. पार तळाला. तिथंच बसला असंल तो.

हाजी जमील : तुमाला काय ठाव, तळाला बसला ते?

सुंदरराव : मीच सांगून धाडलं व्हतं ना!

हाजी जमील : काय सांगितलं व्हतं?

सुंदरराव : हाजी, मी लहानपनी एक बघितलंय. शहागडला गोदावरीवर नावेनं वऱ्हाड चाललं व्हतं आमचं. मधी पानी चढलं. नाव डुलाय लागली. नावाडी वरडला, बसा! तळाला बसा! उभं राहू नका, हलू नका! माझा थोरला भाऊ मोहनराव, नवा फेटा बांधल्याला, भिऊन उठला. गेला की हो. डोळ्यांदेखत गेला. उठले तेवढे गेले. तळाला अंग चोरून बसले तेवढे काठाला लागले. मी त्यातला.

हाजी जमील : हं.

सुंदरराव : बद्री निघाला तवा वेशीपर्यंत गेलतो. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हनलं, लेका, पान्याचं मला म्हाईत हाय. काय बी झालं, किती बी आरडाओरडा झाला, तू उठू नको. तळाला जा आन् बसून राहा. हालचाल करनारा जातो. तो म्हनला, बरं बाबा. माझा शबूद त्यानं कधी मोडला न्हाई, हाजी. कधीच.

हाजी जमील : त्याच्यासंगतीचं कुनी आलं का माघारी?

सुंदरराव : केजचा आश्रुबा व्हता त्याच्यासंगं. तो वाचला. गेल्या साली आलता घरी. म्हनला, मी वैरनीसाठी वर आलतो म्हनून वाचलो, बद्री खाली जनावरांपाशी व्हता. मग मला कळलं की माझं ऐकून बसला असंल. आता अख्खं जहाजच बुडल्यावर बसनारा तरी काय करील? पर भिऊन पळताना मेला न्हाई माझा पोरगा. शांत बसला. एवढं एक समाधान हाय बघा मला. त्याच्यावरच दिस काढतोय.

हाजी जमील : सुंदरराव, तुमी पैली पेटी घ्या.

सुंदरराव : पैली? भरीव? आन् बसवू कुठं त्याला?

हाजी जमील : वर बसवा की. पोकळ जहाज तुमच्यानं जमायचं न्हाई, सांगतो ना. अमावस कितीशी लांब हाय?

सुंदरराव : निम्मं तर झालंय म्हनला ना साहेबाचं! वरच्या पट्ट्या तेवढ्या लावीन. न्हाई जमल्या तर उघडंच ठेवीन. मला आतलं पायजे.

हाजी जमील : त्याचा गोंद सुकलाय. लाकूड बी किडलंय.

सुंदरराव : मगाशी तर किडलेलं नव्हतं! हाजी, तुमी कावून असं फिरताय? इकायचं न्हाई का मला?

हाजी जमील : इकायचं न्हाई असं न्हाई...

सुंदरराव : मग? कुनी मोठं गिऱ्हाईक हाय का? सांगा तसं तोंडावर.

तुळजा : मामा, बैल हिसके देत्यात. पानी न्हाई दाखवलं त्यांना.

सुंदरराव : आँ? हां, खरंच की. आमच्या बोलन्यात मुकी जनावरं तशीच. हाजी, पेटी बंद करू नका. ह्या बाईला आतलं दाखवा तवर, मी हौदावरून आलोच. दाखव म्हनावं त्यांना गं, लाजू नको.

(सुंदरराव बैल सोडून हौदाकडे जातात.)

हाजी जमील : बेटी, बैल हिसके देत नव्हते.

तुळजा : न्हाई.

हाजी जमील : हं. हे बघ, मी काय सांगतो. मी म्हातारा मानूस. हजला गेलतो तवा जहाज बघितलं, ते बी हाजी लोकांच्या गर्दीतून. मला लई काय कळत न्हाई त्यातलं.

तुळजा : चाचा, मला एकच इचारायचंय. ते इचारायलाच मी आले. जहाजाला दनका बसला, जहाज कलंडाय लागलं, तर खाली बसायचं का वर जायचं?

हाजी जमील : ज्याची त्याची येळ असती, बेटी. अल्लाच्या मर्जीनं...

तुळजा : तुमी हजला गेलता. तुमी कुठं बसलता?

हाजी जमील : खाली. गरिबांना खालीच जागा असती.

तुळजा : वादळ झालं?

हाजी जमील : झालं. एडनच्या अल्याड.

तुळजा : मग?

हाजी जमील : कशाला इचारतेस?

तुळजा : मग काय केलं तुमी?

हाजी जमील : खलाशी वरडत आले. समद्यांना मारून मारून वर काढलं. बुडलं न्हाई जहाज, पर वर काढलं. एक म्हातारा कोपऱ्यात जाऊन बसला व्हता, त्याला दाढीला धरून ओढत नेलं. मी म्हनलं, बुजुर्गाला असं कावून ओढता? खलाशी म्हनला, खाली राहिला तो कबरीत राहिला.

तुळजा : झाकन उचला.

हाजी जमील : बेटी...

तुळजा : झाकन उचला, चाचा. मामांनी दाखवा म्हनलंय.

हाजी जमील : घे. बघ. हे वरचं, उघडं. हितं वारा लागतो. ह्याच्या खाली हा एक माळा. त्याच्या खाली ही कोठी. ही आडवी लाकडं दिसत्यात ना, ती जनावरं बांधायची.

तुळजा : हितंच असत्याल.

हाजी जमील : हितंच.

तुळजा : आन् ही चौकोनी जागा? ही उघडी कावून सोडली?

हाजी जमील : राहू दे ते, बेटी.

तुळजा : आन् हा बारका तुकडा, ह्याला पायऱ्या हायत. हा कुठं बसतो?

हाजी जमील : त्याच चौकोनात. जिना हाय तो. खालून वर यायचा.

तुळजा : असा?

हाजी जमील : हौ. अस्साच बसला बघ.

तुळजा : एवढाच? एवढ्याशा पायऱ्या?

हाजी जमील : खऱ्या जहाजात जरा जास्त. पर धावत गेलं तर लई येळ लागत न्हाई.

तुळजा : आश्रुबाभाऊ मामांना खोटं बोलले. वैरनीला गेले नव्हते ते. मला मागल्या दारी बोलावून सांगितलं, रडत व्हते. दोघं बी खाली व्हते. दनका बसला, खेचरं उधळली, समदी मानसं ह्या जिन्याकडं पळाली. आश्रुबाभाऊंनी ह्यांचा हात धरला. तर हे म्हनले, आश्रुबा, उठू नको, माझ्या बाबानं सांगितलंय, तळाला बस. एका लाथा झाडनाऱ्या खेचराची दोरी धरून बसले. दुसऱ्यांना बी सांगत व्हते, बसा, बसा. एक दोघं बसले सुदिक. आश्रुबाभाऊ हात सोडून वर आले. वरून हाक मारली. हे खालून म्हनले, तू बी ये रं खाली, वर मरशील.

हाजी जमील : या मेरे मौला.

तुळजा : मला कळंना की कुनाचं खरं. मी काय पानी बघितलंय? मला वाटलं, असंल, मामांचंच खरं असंल, आश्रुबाभाऊ नशिबानं वाचले असतील. म्हनून मी हटून बसले. जहाज दाखवा, मगच कुकू पुसते. मला हे बघायचं व्हतं. जिना हाय का न्हाई ते.

हाजी जमील : बघितलंस.

तुळजा : म्हंजे मामांनीच मारलं त्यांना.

हाजी जमील : तोबा! असं बोलू नको. त्यानं लेकराचा जीव वाचवायला सांगितलं. नदीचं त्याला ठाव, समिंदराचं काय ठाव?

तुळजा : ठाव न्हाई तर सांगायचं कावून? एवढ्या ठासून? डोक्यावर हात ठेवून? मला पोरसुदिक झालं न्हाई, चाचा. माझी उभी हयात चुलीपुढं जायची आता पांढऱ्या कपाळानं. आन् हे गावभर सांगत फिरत्यात, माझ्या लेकानं माझं ऐकलं. ज्याला त्याला सांगत्यात. चावडीवर सांगत्यात, पान्यावर आलेल्या बायांना सांगत्यात. मला ऐकवत न्हाई. आज सांगनार मी. गाडीतच सांगनार.

हाजी जमील : सांग. तुझा हक्क हाय. मी कोन अडवनारा?

तुळजा : सांगनारच हाय.

हाजी जमील : हौ.

तुळजा : अडवत कावून न्हाई तुमी?

हाजी जमील : काय म्हनून अडवू? तुझा गेलाय.

तुळजा : भावकीतल्या बाया आल्या व्हत्या, चाचा. पाटा आनला व्हता बांगड्या फोडायला. दोघींनी मला धरलं. मामा शेतातून पळत आले. पायात काटा मोडल्याला. उंबऱ्यात आडवे झाले. म्हनले, माझ्या अंगावरून जा. सासरा असा कुनी असतोय का? माझ्या बापानं केलं नसतं.

हाजी जमील : न्हाई करत कुनी.

तुळजा : रातच्याला एक भाकर बी सरत न्हाई त्यांना. मग सासूबाई म्हनत्यात, बद्रीची गोष्ट सांगा. मग सांगत्यात, कसा ऐकायचा, कसा शांत बसला असंल. सांगता सांगता तेवढी भाकर खात्यात. हे सांगितलं तर ते बी बंद व्हईल.

हाजी जमील : बेटी, पाऊल वाजलं. आला तो.

तुळजा : तो जिना द्या हिकडं.

हाजी जमील : काय करतेस?

तुळजा : काढला. आता न्हाई जिना. तुमी काय बी बोलू नका.

सुंदरराव : तहानले व्हते बिचारे. हौद निम्मा केला. दाखवलं का हाजी? बघितलं का गं?

तुळजा : बघितलं, मामा.

सुंदरराव : काय बघितलं?

तुळजा : खाली अंधार असतो. जनावरं बांधत्यात. ते तिथं व्हते.

सुंदरराव : मला बी दावा. सरका जरा. हां... हे वरचं. आन् हे खाली. एवढं खोल? हाजी, हे तर हिरीसारखं हाय की. नाव अशी नसती. नावेत बसलं की काठ हातभरावर. हे तर... हे भोक कशाचं?

हाजी जमील : वारा जायला.

सुंदरराव : मानूस मावंल ह्यातून.

हाजी जमील : मावंल. पर उंच हाय लई.

सुंदरराव : जिना न्हाई? खालून वर यायला जिना असंल ना काय तरी? मानसं खाली उतरवली कशी मग?

हाजी जमील : दोरानं उतरवत्यात. जनावरांना उतरवत्यात तसं.

सुंदरराव : तुमी हजला गेलता, त्या जहाजाला व्हता का जिना?

हाजी जमील : ते मानसांचं जहाज. हे जनावरांचं.

सुंदरराव : हाजी, तुमी मक्केला जाऊन आलेले मानूस. माझ्या तोंडाकडं बघून सांगा. जिना नव्हता?

हाजी जमील : नव्हता, सुंदरराव. जिना नव्हता.

सुंदरराव : मग वर यायचं म्हनलं असतं तरी...

तुळजा : आलं नसतं येता. कुनालाच.

सुंदरराव : कुनालाच न्हाई. हां. मला मधी मधी एक इचार यायचा, हाजी. कुनाला बोललो न्हाई. लई वंगाळ इचार. हौदावर आत्ता बी आलता. जाऊ द्या. जिनाच नव्हता म्हनल्यावर काय.

हाजी जमील : पानी घ्या. बसा जरा.

सुंदरराव : नको. झाकन घाला त्याच्यावर. हे नको मला. हितं न्हाई बसवत मी त्याला, परत ह्या अंधारात. लई खोल हाय ते.

तुळजा : भरीव घेऊ, मामा. पैल्यांदा करनाऱ्याला तेच बरं, चाचा म्हनलेच की. वर बसवू त्यांना. कठड्यापाशी.

सुंदरराव : तळाला बस म्हनलं व्हतं मी.

तुळजा : बसले असत्याल. तुमचं ऐकायचेच ते. आता वर बसवू. वारं लागंल.

सुंदरराव : बरं. तू म्हनशील तसं. मग अमावसंला करायचं का गं? भटजीला सांगू? आजून तुझ्या मनात काय असंल तर बोल. मी कुनाला घाई करू देनार न्हाई.

तुळजा : सांगा भटजीला.

सुंदरराव : खरं?

तुळजा : दाखवा म्हनलं व्हतं, दाखवलं तुमी. आता माझं काय म्हननं न्हाई.

हाजी जमील : ही घ्या पेटी. गोंद उन करून लावा. आन् काचेचा चुरा कापडाला चिकटवून घासा, उताराच्या बाजूनं, उलटं न्हाई. सूनबाई मदत करील.

सुंदरराव : करील. शहानी हाय ती. चल गं, उनं कलायच्या आत निघू. पेटी मी घेतो, तू पुढं हो. मूठ कावून आवळलीय तू? परत रगत आलं का? बघू.

तुळजा : काय न्हाई. बांगडीची काच हाय, मामा. आनिक एक फुटली.

सुंदरराव : वाढली म्हनावं गं, बाई.

तुळजा : न्हाई, मामा. फुटली.